विहीणबाई फेब्रुवारीत येऊन राहिल्या, आन् माझं इटालियन पार्लो-पार्लीतच अडकलं

संत्रावाली (वरुड तालुका)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं वय ५४. वरुडजवळच्या एका खेड्यातली. शिक्षण बारावी, तेही लग्नानंतर बाहेरून दिलेलं. पोरगा इटलीत नोकरीले आहे, त्यानं तिकडचीच पोरगी केली. पोरगी गुणाची आहे, मले 'आई' म्हणते. तिची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, बेर्गामोकडच्या एका गावात राहतात. फेब्रुवारीत, मृग बहाराची तोडणी सुरू झाली की पंधरा दिवस आमच्याकडे येणार आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही आन् मलेही नाही. पोरगा म्हणते, मी मधात बसून सांगीन. पण दोघी विहिणी बोलत असताना पोरानं कायले मधात बसावं?

म्हणून दोनशे पानी वही केली. पोरानं फोटो पाठवले ते उतरवून काढले. सकाळी तव्यावर भाकर टाकते आन् म्हणते, पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो. आमचे मालक बाहेरून विचारतात, पारलेचा पुडा आणायचा काय.

आता अडचण ऐका. आलो, आली, आला ऐकण्यात जिचा जन्म गेला, तिच्या कानाले पार्लो-पार्ली-पार्ला कसं लागन? मी समजली, पार्लो म्हणजे मी, पार्ली म्हणजे ती, पार्ला म्हणजे तो. दोन महिने तसंच पाठ केलं. मंग एक दिवस व्हिडिओ कॉलवर सुनेले विचारलं, "माम्मा पार्ली?" मले म्हणायचं होतं, तुझी आई बोलली काय. सून एकदम दचकली. म्हणे, "यो? माम्मा?" इकडे आमचे मालक खुर्चीतून उठून उभे, म्हणे गोड बातमी आहे काय! नंतर पोरानं सांगितलं, पार्ली म्हणजे 'तू बोलतेस'. म्हणजे मी सुनेलेच 'माम्मा' म्हणून हाक मारली होती.

दुसरा घोटाळा याहून मोठा. विहीणबाईंशी बोलून झालं, फोन ठेवायचा होता, म्हणून म्हटलं आपण उद्या बोलू. वहीत पाहून म्हटलं, "पार्लेरेम्मो दोमानी." त्या फोन ठेवेनात. माझ्याकडे पाहत राहिल्या आन् म्हणे, "मा?" मी म्हटलं हो, मा. त्या पुन्हा म्हणे, "मा...?" मी आपली छातीवर हात ठेवून 'मी मा, तुम्ही पण मा' करून राहिली. शेवटी लाइट गेली म्हणून सुटली. 'मा' म्हणजे त्यांच्यात 'पण' होते, हे मागाहून कळलं. पण त्यांनी 'पण' कायले म्हटलं ते अजून कळलं नाही.

तिसरं, दोर्मीरे (झोपणे) चं होते दोर्मो, आन् फिनीरे (संपवणे) चं होते फिनीस्को. दोघांच्या शेवटी ईरेच आहे. मंग हे 'इस्क' काहून घुसलं मधात?

आन् चौथं, पोरानं पाठवलेले तक्ते मोजले तर एकेका क्रियापदाचे पंधरा आहेत. एका तक्त्यात सहा रूपं. माझ्याजवळ चार महिने आहेत, त्यात सोयाबीन काढायचं आहे, दिवाळी आहे. यातलं काय शिकू आन् काय सोडू?

पुसदचा_पोट्टा

काकू सोप्पं आहे. ईरे दिसलं की इस्को लावायचं, दोर्मीरे वगैरे दोन-चार अपवाद आहेत ते पाठ करून टाकायचे. बाकी रोज दहा मिनिटं अ‍ॅप. मी सिएनाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठाची इटालियनची चिल्स परीक्षा द्यायची म्हणून तयारी करतोय, माझी तर १४० दिवसांची साखळी झाली.

खडू_फळा (अचलपूर तालुका)

पोट्ट्या, दोन-चार अपवाद म्हणून चालणार नाही रे. झोपणे, निघणे, ऐकणे, उघडणे, वाढणे ही सगळी रोजची क्रियापदं इस्कशिवायची आहेत. त्यावर येतो.

काकू, मी मराठीचा मास्तर. त्याआधी पाच वर्षं रोमला होतो. फादर व्हायला गेलो, मास्तर होऊन परत आलो, ती गोष्ट वेगळी. तिथले तास इटालियनमधून असत आणि पहिलं वर्षभर मी वर्गात नुसती मान हलवायचो. तुमच्या वहीतलं सगळं माझ्याही वहीत होतं. मला ते सुटलं ते इटालियन पुस्तकानं नाही, आपल्या सातवी-आठवीच्या मराठी व्याकरणानं आणि थोडं आपल्या बोलीनं. तसंच सांगतो.

आधी तुमचं पार्ली. मराठीत शेवटचा स्वर स्त्री-पुरुष सांगतो, इटालियन क्रियापदात तो 'कोण' एवढंच सांगतो. ओ म्हणजे मी, ई म्हणजे तू. तो आणि ती यांना एकच रूप, पार्ला. याचं पुणेकराला नवल वाटेल, आपल्याला वाटायचं कारण नाही. तुम्हीच वर लिहिलंय, "पोरगा म्हणते". आपल्याकडे तोही म्हणते आणि तीही म्हणते. तसंच ते.

तीन घराणी आहेत, आरे, एरे, ईरे. पण मी, तू आणि आम्ही ही तीन रूपं तिन्ही घरांत सारखी: ओ, ई, इयामो. फरक फक्त उरलेल्या तिघांत. विकणे म्हणजे वेन्देरे, तुमच्या घरचंच क्रियापद आहे, तेच घ्या: वेन्दो, वेन्दी, वेन्दे, वेन्दियामो, वेन्देते, वेन्दोनो. दोर्मीरेचं दोर्मो, दोर्मी, दोर्मे, दोर्मियामो, दोर्मीते, दोर्मोनो. 'ते' चं रूप म्हणताना वजन मागे न्या: पार्लानो, वेन्दोनो. आपण सवयीनं 'ला'वर, 'दो'वर रेलतो आणि तिकडच्या माणसाला शब्दच ओळखू येत नाही. उलट त, द यांची काळजी करू नका. त्यांचे त-द आपल्यासारखेच दाताला लागणारे आहेत. रोममध्ये माझ्या वर्गातली इंग्रजी बोलणारी मुलं शेवटपर्यंत 'पार्लाटे' म्हणत होती.

आणि हे तर खास तुमच्यासाठी. 'मी बोलून राहिली' हे इटालियनमध्ये कसं म्हणतात? "स्तो पार्लान्दो." पार्लान्दो म्हणजे बोलून, स्तो म्हणजे राहते, स्तारे म्हणजे राहणे. अक्षरशः बोलून राहिली! प्रमाण मराठीतलं 'बोलते आहे' तिथे बसत नाही, आपलं वऱ्हाडी बसतं. आरेचं आन्दो, बाकी दोघांचं एन्दो: वेन्देन्दो, दोर्मेन्दो. तुम्ही मथळ्यात लिहिलंय तसं 'येऊन राहिल्या' मात्र चालणार नाही. आपण ते पुढच्या महिन्यात येणाऱ्यालाही म्हणतो, ते लोक आत्ता, या घडीला चाललेल्या कामालाच म्हणतात.

आता इस्क. त्याची खूण देवनागरीत लिहिलं की डोळ्यांना दिसते. शेवटचं ईरे ज्या अक्षराला चिकटलंय ते पाहा. दोर्मीरे, पार्तीरे (निघणे), सेन्तीरे (ऐकणे), आप्रीरे (उघडणे), सेर्वीरे (वाढणे): जोडाक्षर आहे, इस्क नाही. फिनीरे, कापीरे (समजणे), पुलीरे (साफ करणे), स्पेदीरे (पाठवणे), प्रेफेरीरे (अधिक आवडणे): एकटं व्यंजन आहे, इस्क आलं. ही काही पोलादी चौकट नाही. कोल्पीरे आणि गारान्तीरे जोडाक्षर असूनही इस्क घेतात, कुचीरे म्हणजे शिवणे ते एकटं असूनही घेत नाही. पण घरात जी लागतात त्यांतल्या बहुतेकांना ही खूण पुरते.

आणि इस्क सहाही रूपांत नाही. फिनीस्को, फिनीशी, फिनीशे, मग फिनियामो, फिनीते, आणि पुन्हा फिनीस्कोनो. आम्ही आणि तुम्ही कोरडे. का? दोर्मो, दोर्मी, दोर्मे, दोर्मोनो या चार ठिकाणी वजन मुळावर पडतं, आणि दोर्मियामो, दोर्मीतेमध्ये ते प्रत्ययावर सरकतं. इस्क बरोबर त्या चार ठिकाणी येऊन ते वजन स्वतःच्या डोक्यावर घेतं. वजन आपोआप पुढे गेलं की त्याचं काम नाही. मजूर ओझं असेल तिथेच उभा राहतो, तसं.

पंधरा तक्त्यांचं सांगतो. त्यातले सात तक्ते तक्तेच नाहीत. ती नुसती जोडणी आहे: आवेरे (जवळ असणे) किंवा एस्सेरे (असणे) यांचं एक रूप आणि पुढे भूतकाळी धातुसाधित. आरेचं आतो, एरेचं ऊतो, ईरेचं ईतो: पार्लातो, वेन्दूतो, दोर्मीतो. आवेरे एकदा पाठ करा, ओ, आइ, आ, आब्बियामो, आवेते, आन्नो, आणि "ओ पार्लातो" म्हणजे मी बोलले. रोजच्या बोलण्यातला भूतकाळ हाच.

आवेरे कुठे आणि एस्सेरे कुठे, यासाठी आपलं 'ने' आठवा. 'तिनं विकलं' यात ने आहे, आवेरे घ्या: आ वेन्दूतो. 'ती आली' यात ने नाही, एस्सेरे घ्या: ए आर्रिवाता. आणि एस्सेरे घेतलं की क्रियापद बाई-पुरुष पाहू लागतं, आपल्या आला-आलीसारखं. फक्त उलटं आहे हो, तिथे ओ पुरुषाचा आणि आ बाईचा. तुम्ही म्हणायचं "सोनो आर्रिवाता", मालकांनी म्हणायचं "सोनो आर्रिवातो". ही 'ने'ची युक्ती शंभर टक्के चालत नाही. झोपणे आणि बोलणे यांना आपण ने लावत नाही पण ते आवेरे घेतात: ओ दोर्मीतो. तेवढं लक्षात ठेवा.

अजून एक गंमत, हिच्यावर मी रोममध्ये एकदा भाव खाल्ला होता. मराठीत 'मी संत्री विकली' म्हणताना क्रियापद संत्र्यांकडे पाहतं, माझ्याकडे नाही. इटालियनमध्येही एका जागी असंच होतं, आणि वर्गातल्या इतर परदेशी मुलांना ते कळेचना. "ओ वेन्दूतो ई मांदारीनी", इथे काही नाही. पण कर्म सर्वनाम होऊन आधी आलं की लगेच: "ली ओ वेन्दूती", ती विकली. तो ऊतीमधला ई संत्र्यांचा आहे. मला ते पहिल्याच दिवशी कळलं. (हो, मांदारीनी. आरान्चा म्हणजे मोठं मोसंबीच्या जातकुळीचं, घट्ट सालीचं. आपला सैल सालीचा नागपुरी संत्रा त्यांच्या लेखी मांदारीनो. आरान्चा म्हणून वाढलात तर विहीणबाई मनात म्हणतील, हिला स्वतःच्या बागेतलं फळ माहीत नाही.)

आता अर्थ. शाळेत चार अर्थ घोकले होते आठवतं? स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. परीक्षेत दोन मार्कांना येत आणि पुन्हा आयुष्यात कधी उपयोग नाही असं पोरं म्हणतात. इटालियनचे पुरुषवाचक प्रत्यय घेणारे अर्थही चारच आहेत आणि जवळजवळ हेच. इंदिकातीवो हा स्वार्थ, इंपेरातीवो हा आज्ञार्थ, कोन्जुन्तीवो हा विध्यर्थाचा भाऊ आणि कोन्दित्सियोनाले हा संकेतार्थाचा.

विध्यर्थाचं एकच उदाहरण देतो. आपण म्हणतो, 'ती झोपली असावी'. 'आहे' म्हणत नाही, कारण पाहिलेलं नाही, नुसतं वाटतंय. तिथे "पेन्सो के दोर्मा", दोर्मे नाही. 'असावी'ला मराठीत जे काम आहे, तेच त्या शेवटच्या आचं.

पण तुम्हाला हा कोन्जुन्तीवो आज्ञेसाठी जास्त लागेल. मान्जारे म्हणजे खाणे. पोराला 'खा' म्हणायचं तर "मान्जा". मानाच्या माणसाला 'खा ना हो' म्हणायचं तर "मान्जी". आणि दोर्मीरेमध्ये नेमकं उलटं: पोराला "दोर्मी", मानाच्या माणसाला "दोर्मा". हे साटंलोटं आहे काकू. आरेच्या घरचा आ एरे-ईरेकडे मानाचा पाहुणा म्हणून गेला, त्यांचा ई आरेच्या घरी मानाचा होऊन आला. आपापल्या घरी दोघंही साधेच. हे एवढं ध्यानात धरलं की अर्धा कोन्जुन्तीवो तोंडी झाला, कारण मी-तू-तो तिघांनाही त्यात तेच रूप असतं.

नको म्हणायचं असेल तर आपण 'बोल नको' म्हणत नाही, 'बोलू नको' म्हणतो, रूप बदलतं. तेही एकट्या 'तू'ला नाही म्हणताना आज्ञार्थ सोडून मूळ क्रियापद घेतात: "नोन पार्लारे."

आणि आता तुमची ती 'मा'. तुम्हाला म्हणायचं होतं 'आपण उद्या बोलू'. ते "पार्लेरेमो", एक म. तुम्ही म्हणालात "पार्लेरेम्मो", दोन म, म्हणजे 'आपण उद्या बोललो असतो'. आता तुम्हीच सांगा, कोणी तुम्हाला 'आपण उद्या बोललो असतो' म्हटलं आणि गप्प बसलं, तर तुम्ही काय म्हणाल? 'पण?' त्या बिचाऱ्या तुमच्या 'पण'ची वाट पाहत बसल्या होत्या!

मका आणि मक्का यांत आपण गल्लत करत नाही, तर ही का करायची? भविष्यकाळ: पार्लेरो, पार्लेराई, पार्लेरा, पार्लेरेमो, पार्लेरेते, पार्लेरान्नो. 'मी'च्या आणि 'तो'च्या रूपात शेवटच्या स्वरावर दणका द्यायचा. आरेचं इथे एरे होतं, ईरेचं ईच राहतं: दोर्मिरो. शेपट्या ओळखीच्या वाटतात का? ओ, आइ, आ... आन्नो. आवेरेच आहे ते. बोली लॅटिनमध्ये 'बोलायचं आहे मला' अशी जी जोडणी होती, ती घासून घासून एक शब्द झाली.

संकेतार्थ: पार्लेरेई, पार्लेरेस्ती, पार्लेरेब्बे, पार्लेरेम्मो, पार्लेरेस्ते, पार्लेरेब्बेरो. इथे आपल्या माणसाचा पाय हमखास घसरतो. मराठीत 'पाऊस आला असता तर पीक आलं असतं', दोन्हीकडे असता-असतं. म्हणून आपण 'जर'च्या बाजूलाही पार्लेरेम्मो लावतो. ते चालत नाही. 'से', म्हणजे जर, त्याच्या मागोमाग कोन्जुन्तीवोचा भूतकाळ येतो, पार्लास्सी, वेन्देस्सी, दोर्मिस्सी. संकेतार्थ फक्त 'तर'च्या बाजूला. ही चूक तिथली शाळकरी पोरंही करतात आणि मार खातात, हे पाहून मला फार बरं वाटलं होतं.

तुमचं पार्लेरेम्मो त्या दिवशी अर्ध्या वाटेत उभं राहिलं, त्याला पुढचा डबा जोडून देतो. आबितारे म्हणजे राहणे.

"से तू आबितास्सी क्वी, पार्लेरेम्मो ओन्यी जोर्नो."

तू इथं राहत असतीस तर आपण रोज बोललो असतो. आता दोन म बरोबर आहेत. पाठवून द्या.

ब्रेशाची_वहिनी

सरांनी एवढं लिहिल्यावर मी काय बोलणार! मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली, आता अकरा वर्षं ब्रेशाजवळ. बेर्गामो आमच्या शेजारचंच. काकू, व्यवहाराचं सांगते.

पास्सातो रेमोतोचा (दूरच्या भूतकाळाचा) तक्ता, तो पार्लाई, पार्लास्ती, पार्लो वाला, फाडून चुलीत टाका. इकडे उत्तरेत बोलताना तो कोणी वापरत नाही, सगळे "ओ पार्लातो" म्हणतात. दक्षिणेत वापरतात, पुस्तकात आणि नातवंडांना गोष्ट सांगताना येतो. तुमच्या विहिणीसाठी वर्तमान, ओ पार्लातोचा भूतकाळ, भविष्य आणि पार्लावो-पार्लावी-पार्लावा हा इंपेर्फेत्तो, एवढे चार भरपूर.

इंपेर्फेत्तो सोडू नका हं, विहिणी-विहिणी बोलणार त्या जुन्याच गोष्टी. 'बोलत होते' आणि 'बोलायचे' दोन्हीला तो एकच चालतो. 'लहानपणी आम्ही वाड्यात राहायचो', आबितावामो. 'पोरगा रात्री झोपायचा नाही', नोन दोर्मीवा. नुसता 'व' घुसवायचा आणि वजन त्याच्या आधीच्या स्वरावर, आम्ही आणि तुम्हीच्या रूपात मात्र त्याच्या पुढच्या स्वरावर. सगळ्यात सोपा काळ आहे, तिन्ही घराण्यांत वळण तेच, आवा, एवा, ईवा.

आणि विहिणीला मान्जी की मान्जा? मराठी मनाला वाटतं विहीण म्हणजे अहोजाहो. पण मी तरी इकडे विहिणींना एकमेकींना 'तू'च करताना पाहिलंय. त्याच म्हणतील "दियामोची देल तू", म्हणजे चला, आपण तू-तू करू. तोपर्यंत मान्जी, मग मान्जा.

अजून एक. आमच्या सासूबाईंच्या वयाच्या बायका घरात इटालियन नाही, बेर्गामास्को बोलतात, त्यांची वऱ्हाडी समजा. त्यांचं एखादं वाक्य कुठल्याच तक्त्यात सापडलं नाही तर तुमची चूक नाही. आणि ज्वारीच्या कण्या नक्की करा. तिकडे पोलेंता खातात मक्याची, ताटात पाहिल्याबरोबर ओळखतील.

पुसदचा_पोट्टा

सर, इस्कचं चुकलं माझं, जोडाक्षराची युक्ती वहीत लिहिली. एक विचारतो. चेर्कारे (शोधणे) चं 'तू' रूप मी अ‍ॅपवर लिहिलं की दर वेळी लाल येतं. मधे त्यांचं ते 'ह' अक्षर टाका म्हणते. पागारेचं (पैसे देणे) पण तसंच. नियमित म्हणतात आणि मधात अक्षर घुसवतात, हे कसं नियमित?

खडू_फळा (अचलपूर तालुका)

देवनागरीत लिहून पाहा: चेर्को, चेर्की, चेर्का. पागो, पागी, पागा. बदललं काय काही? क चा क, ग चा ग. त्यांच्या लिपीत त्या अक्षरापुढे ई किंवा ए आला की त्याचा च किंवा ज होतो, म्हणून क वाचवायला मधे ह उभा करतात. आवाज नियमित ठेवायला स्पेलिंग वाकवलं. हे लाड फक्त आरेचे. एरेवाल्यांना कोणी वाचवत नाही: लेज्जेरे (वाचणे) चं लेग्गो, पण लेज्जी, लेज्जे, आणि पुन्हा लेग्गोनो. तू अ‍ॅपवर बोटानं शिकतोस, म्हणून तुला लाल येतं. काकू भाकरी थापताना कानानं शिकतात, त्यांना हा प्रश्न पडलाच नाही.

संत्रावाली (वरुड तालुका)

सर, वहिनी, काय सांगू. प्रिंट काढून आणली तालुक्यातून, गॅसच्या मागच्या भिंतीले पिठानं चिकटवली. साटंलोटं आमच्या मालकायले पण समजलं. आता ते मले जेवाले बसताना "मान्जी" म्हणतात, पन्नास वर्षांत पहिल्यांदा मानाची झाली मी.

मका-मक्का म्हणत म्हणत ते वाक्य पाठ केलं. गोठ्यात म्हणून पाहिलं, विहिरीवर म्हणून पाहिलं. परवा रात्री हिंमत करून आवाज रेकॉर्ड करून पाठवला. से तू आबितास्सी क्वी, पार्लेरेम्मो ओन्यी जोर्नो. दोन म मोजून म्हटले. या वेळी 'मा' आलं नाही.

दहा मिनिटांनी त्यांचा आवाज आला. आधी काहीतरी लांबलचक बोलल्या, वहिनी म्हणतात ते गावचं असन, काही समजलं नाही. आवाज जरा भरून आल्यासारखा वाटला. शेवटी मात्र हळू, एकेक शब्द तोडून म्हणे, "नोन वेदो लोरा."

हे मी फोडून पाहिलं. वेदेरे म्हणजे पाहणे, वेदो म्हणजे मी पाहते, एरे घराणं, ओ मी, बरोबर. नोन म्हणजे नाही. ओरा म्हणजे तास, वेळ. म्हणजे 'मले वेळ दिसत नाही'? रात्रीचे साडेदहा झाले होते इथले, तिकडे तर संध्याकाळच असन. त्यायचं घड्याळ बंद पडलं काय? का मी अवेळी पाठवलं म्हणून बोलल्या? पोराले विचाराची लाज वाटते.

खडू_फळा (अचलपूर तालुका)

काकू, फोड अगदी बरोबर केली. घड्याळही ठीक आहे. 'कधी एकदाची येते असं झालंय' याला ते लोक असं म्हणतात.

उत्तराला एवढंच पुरे, वजन 'की'वर: "नेआंकीओ." मलाही.